पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांचे कागद: एलटीव्ही, आधार, नागरिकत्व, काय आधी आणि काय नंतर

रविवारी सकाळी कुणीतरी कपड्याच्या दुकानाची जाड पिशवी घेऊन येतं, टेबलावर उलटी करतं आणि विचारतं, नागरिकत्वाचा फॉर्म आजच भरून टाकायचा का. पिशवीत रबरबँड लावलेले पाच-सहा हिरवे पासपोर्ट, घडीवर फाटत आलेले पोलिसांचे रजिस्ट्रेशनचे कागद, सिंधीत लिहिलेला एखादा शाळेचा दाखला आणि तळाला कुणाचा तरी लग्नातला फोटो. माझं उत्तर ठरलेलं आहे, फॉर्म सगळ्यात शेवटी. पण कुणी ऐकत नाही, सायबर कॅफेत जाऊन भरून टाकतात आणि मग सहा महिन्यांनी तीच पिशवी परत येते, आता त्यात "त्रुटी आहे" असं सांगणारी एक प्रिंटआउट जास्त असते.

नागपूरचं जरीपटका काय, उल्हासनगर काय, चुका सगळीकडे त्याच. म्हणून एकदाच लिहून टाकतो. हे सिंधमधून वगैरे आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन कुटुंबांसाठी आहे, आणि त्यांना मदत करणाऱ्या शेजारच्या पोरांसाठी. पुण्यात शिकायला आलेले येमेनी, सुदानी वगैरे जे निर्वासित म्हणून अर्ज करतात त्यांची वाट वेगळी, ते दिल्लीच्या यूएनएचसीआरकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडे, नोंदणी करतात, तो विषय इथे नाही.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा पण नाही. म्हणजे "निर्वासित ओळखपत्र" नावाचं काही कुठल्या ऑफिसात मागायला जाऊ नका. नागरिकत्व मिळेपर्यंत कागदोपत्री तुम्ही परदेशी नागरिक, आणि तुमचा मुख्य कागद म्हणजे एलटीव्ही, दीर्घ मुदतीचा व्हिसा. बाकी सगळं त्यावर उभं राहतं.

टप्पा 1: तुमची तारीख कोणती ते बघा

भारतात पहिल्यांदा राहायला आलात ती तारीख 31 डिसेंबर 2014 च्या आधीची (किंवा त्याच दिवसाची) आहे की नंतरची? यावर पुढचा सगळा रस्ता ठरतो.

आधीची असेल तर सीएए, म्हणजे नागरिकत्व कायद्याचं कलम 6ब. त्याचे नियम 11 मार्च 2024 ला निघाले. त्यात नॅचरलायझेशनसाठी (इथल्या वास्तव्यावर मिळणारं नागरिकत्व) 11 ऐवजी 5 वर्षांचं वास्तव्य पुरतं, आणि अर्जाच्या आधीचे सलग 12 महिने इथेच राहिलेले असावे लागतात.

नंतरची असेल तर सीएए तुम्हाला लागू नाही. मग एलटीव्ही चालू ठेवायचा आणि जुन्या रस्त्याने कलम 5 किंवा 6 खाली अर्ज करायचा. तुम्ही स्वतः किंवा आई-वडिलांपैकी एक जण अखंड भारतात जन्मलेले असतील तर भारतीय वंशाचे म्हणून कलम 5 खाली 7 वर्षांच्या वास्तव्यावर अर्ज होतो, म्हणून आजोबांचं नाही तर वडिलांचं किंवा आईचं 1947 आधीचं जन्मठिकाण दाखवणारा कागद शोधा. हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो.

⚠ इथे सध्या मोठा घोटाळा चाललाय. 1 सप्टेंबर 2025 पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा लागू झाला, त्याबरोबर सूट देणारा एक आदेश आला आणि त्यात 31 डिसेंबर 2024 ही तारीख आहे. व्हॉट्सअॅपवर लगेच फिरलं की सीएएची तारीख दहा वर्षांनी वाढली. नाही वाढली. ती सूट पासपोर्ट-व्हिसाशिवाय आलेल्या किंवा मुदत संपलेल्या लोकांवर कारवाई होऊ नये यासाठी आहे. नागरिकत्वाची तारीख 2014 चीच आहे. 2018 ला आलेल्या माणसाने सीएएचा फॉर्म भरला तर तो नामंजूर होणार, बस.

टप्पा 2: नावांचा तक्ता (हाच टप्पा सगळे गाळतात)

एक मोठा कागद घ्या, आडव्या ओळीत घरातली माणसं, उभ्या रांगेत कागद: पाकिस्तानी पासपोर्ट, व्हिसा, रजिस्ट्रेशन, एलटीव्ही, शाळेचा दाखला, बँक, आधार, मुलांचे जन्मदाखले. प्रत्येक चौकटीत नाव जसं छापलंय तसं लिहायचं, स्पेलिंगसकट. वडिलांचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव पण तसंच.

हे का, तर उदाहरण बघा. पासपोर्टवर एकच नाव आहे, "लछमण", आडनाव काहीच नाही. एलटीव्हीवर कुणीतरी वडिलांचं नाव जोडून "लछमण दास खेमचंद" केलं. आधारच्या ऑपरेटरने शहाणपणा करून "लक्ष्मणदास" लिहिलं. मुलाच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव "लक्ष्मण" आणि पुढे आडनाव "लालवानी", कारण हॉस्पिटलात मामाने फॉर्म भरला आणि तो लालवानी आहे. एक माणूस, चार नावं, आणि यातलं एकही खोटं नाही. पण समोर कागद तपासायला बसलेल्या माणसाला हे चार जण वाटतात.

तक्ता झाला की एक कागद पाया म्हणून धरायचा, आणि तो पाकिस्तानी पासपोर्टच धरायचा, बाकी काही नाही. बायका लग्नानंतरचं नाव धरा म्हणतात, दुकानदार दुकानाच्या पाटीवरचं नाव धरा म्हणतात, नका धरू. सगळे भारतीय कागद पासपोर्टप्रमाणे करून घ्या, जे दुरुस्त होणार नाहीत त्यांच्यासाठी "अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती" असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्रात सगळी रूपं आली पाहिजेत. एक सुटलं की परत स्टॅम्प पेपर.

जन्मतारखेचंही तेच. पासपोर्टवर 1 जानेवारी असेल (जुन्या लोकांचा बहुतेक असतोच) तर 1 जानेवारीच ठेवा. "खरी तारीख दिवाळीतली आहे" हे आजींना कितीही पटवून द्यायचं असलं तरी आता ती वेळ नाही.

✔ तपासा: तक्त्यात प्रत्येकाची ओळ आडवी वाचा. एकच नाव, एकच वडील, एकच तारीख दिसते का? नसेल तर तिसऱ्या टप्प्याला हात लावू नका.

टप्पा 3: एलटीव्ही जिवंत ठेवा

अर्ज ऑनलाइन होतो, ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर. मग मूळ कागद घेऊन परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात, नागपूर-पुण्यात ते पोलीस आयुक्तालयात असतं, लहान जिल्ह्यात एसपी ऑफिसात. त्यानंतर चौकशी, घरी पोलीस येऊन जातात, शेजाऱ्यांना विचारतात. घाबरायचं काही नाही, पण घरी कुणीतरी असायला हवं आणि घरमालकाला आधी सांगून ठेवा, "हे कोण, मला माहीत नाही" असं त्याने म्हटलं की फाइल लटकली.

या समाजांसाठी एलटीव्ही एकावेळी 5 वर्षांपर्यंत मिळतो. मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी नूतनीकरणाला बसा. उशीर झाला तरी दंड माफ होतो असं लोक सांगतात, या लोकांसाठी तशी सवलत आहे हे खरं, पण मधल्या काळात आधार, बँक, लायसन्स सगळं अडकतं त्याचं काय.

ज्या चुका मी परत परत बघतो:

– ईमेल कॅफेवाल्याचा. एका कुटुंबाचे सात अर्ज एका कॅफेवाल्याच्या मेल आयडीवर होते, त्याने दुकान बंद करून गाव सोडलं, आता ओटीपी कुणाकडे जातो देव जाणे. घरातल्या सगळ्यात लहान, मोबाइल हातात असणाऱ्या पोराच्या नावाने नवा मेल काढा, पासवर्ड वहीत लिहा.

– पत्ता बदलला आणि कळवलं नाही. एलटीव्हीवर तुम्ही राहता त्या राज्यात मोकळेपणाने फिरता येतं, पण घर बदललं तर नोंदणी कार्यालयाला कळवायचं. दुसऱ्या राज्यात कायमचं जायचं असेल तर कागद तिकडे वर्ग करून घ्यावे लागतात, नागपूरची फाइल नागपुरात ठेवून रायपूरला संसार थाटता येत नाही.

– जुना पासपोर्ट फेकला. "एक्सपायर झाला, आता काय कामाचा." अरे, त्यातच तर सगळं आहे! चौथ्या-पाचव्या टप्प्यात कळेल.

– मुलं राहिली. इथे जन्मलेलं मूल आपोआप भारतीय होत नाही. 3 डिसेंबर 2004 नंतर जन्मलेल्या मुलासाठी आई-वडील दोघे नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. दोघेही पाकिस्तानी नागरिक असतील तर मूलही परदेशीच, त्याचा जन्मदाखला महापालिकेतून काढा (21 दिवसांत नोंद करा, नंतर कटकट), आणि एलटीव्हीत त्याचं नाव घाला. शाळेसाठी मात्र थांबू नका, वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यातच आहे ते.

टप्पा 4: एलटीव्हीवर मिळणारे कागद

एलटीव्ही हातात आला की आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, बँक खातं हे सगळं कायदेशीर मिळतं. बँकेत ते एनआरओ खातं (अनिवासी लोकांचं रुपयातलं खातं) म्हणून उघडतं, ब्रँचमधल्या नव्या मुलाला माहीत नसतं, मॅनेजरकडे जा.

आधारला जाताना: गेल्या 12 महिन्यांत 182 दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. एलटीव्ही आणि पासपोर्ट दोन्ही न्या. आणि खिडकीवर पहिलं वाक्य हे बोला, "निवासी परदेशी नागरिक म्हणून नोंद करा." फॉर्मच वेगळा आहे. ऑपरेटर सवयीने भारतीय रहिवाशाचा फॉर्म उघडतो, तुम्ही गप्प बसता, आधार येतं, सगळे खूश, आणि तीन वर्षांनी नागरिकत्वाच्या फाइलमध्ये प्रश्न येतो की तुम्ही आधीच स्वतःला भारतीय म्हणवून घेतलं होतं का. प्रिंट निघाल्यावर सही करायच्या आधी वाचा. हे आधार एलटीव्हीच्या मुदतीला बांधलेलं असतं, एलटीव्ही वाढला की ते पण अपडेट करायचं.

पॅनचंही तसंच, परदेशी नागरिकांचा फॉर्म वेगळा आहे, तोच भरा.

⚠⚠ मतदार कार्ड काढू नका. भारतीय पासपोर्टचा अर्ज करू नका. कुणी नगरसेवकाचा माणूस "हजार-दोन हजारात करून देतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. मतदार यादीसाठी खोटं लिहून देणं हा एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे, परदेशी माणसाने भारतीय पासपोर्ट मिळवला तर एक ते पाच वर्षं, आणि नव्या 2025 च्या कायद्यात बनावट प्रवासी कागदाला दोन ते सात वर्षं अधिक एक ते दहा लाख दंड. पण शिक्षेपेक्षाही मला वाईट वाटतं ते हे की माणूस खराखुरा पात्र असतो, 2011 ला आलेला, शिक्का आहे, सगळं आहे, आणि एका फालतू मतदार कार्डामुळे त्याची खरी फाइल संशयात जाते. तुमच्याकडे असं कार्ड आधीच असेल तर लपवू नका आणि स्वतःहून काही फाडाफाडी पण करू नका, वकिलाला दाखवा, मग पुढे.

टप्पा 5: तीन पुराव्यांचे तीन गठ्ठे

सीएएच्या अर्जाला तीन प्रश्नांची उत्तरं लागतात. कुठून आलात, कधी आलात, कोणत्या समाजाचे. तीन वेगवेगळ्या रंगाच्या फाइली करा, खरंच करा, दहा रुपयांना मिळतात.

*कुठून:* पाकिस्तानी पासपोर्ट, इथलं रजिस्ट्रेशन, तिकडचा जन्मदाखला, शाळा-कॉलेजचा दाखला, सरकारी ओळखपत्र, कसलाही परवाना, जमिनीचा किंवा भाड्याचा कागद, किंवा आई-वडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा तिकडचे नागरिक होते हे दाखवणारा कागद. मुदत संपलेला चालतो, नियमातच तसं आहे. यातला एक भक्कम कागद पुरे, पण असतील तर दोन जोडा. उर्दू-सिंधी कागदाचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून सोबत लावा, आणि भाषांतरात नावाचं स्पेलिंग पासपोर्टवरचंच ठेवायला सांगा. भाषांतर करणारे गुरुजी आपल्या मनाने नवीन स्पेलिंग काढतात आणि तक्त्यात पाचवं नाव तयार होतं.

*कधी:* इथे सगळ्यात जास्त अर्ज अडकतात. सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे व्हिसा आणि त्याच पासपोर्टातला येण्याचा शिक्का, अटारी सीमेचा किंवा थार एक्सप्रेसने आला असाल तर राजस्थान सीमेवरच्या मुनाबाव स्टेशनचा. हे शिक्के निळ्या-जांभळ्या शाईचे, आता फिके पडलेत. मोबाइलने फोटो काढून चालत नाही, पान सपाट करून रंगीत स्कॅन करा, मोठं करून तारीख वाचता येते का बघा. एका आजोबांच्या पासपोर्टात वर्षाचा फक्त शेवटचा आकडा दिसत होता, 3. ते 2013 की 2003 यावर घरातच दोन गट पडले. शेवटी तोडगा निघाला तो पोलिसांच्या नोंदणीच्या कागदाने, पाकिस्तानी नागरिकाला आल्यावर 24 तासांत नोंद करावी लागते ना, त्यावर तारीख स्वच्छ होती. ते हरिद्वारच्या यात्रेच्या व्हिसावर आले होते म्हणून तो कागद तिकडचा होता, गादीखाली सापडला.

शिक्का नसेल तर यादीत बरंच काही आहे: रेशन कार्ड, लायसन्स, आधार, पॅन, बँक किंवा पोस्टाचं खातं, विम्याची पॉलिसी, वीजबिल, भाडेकरार, इथल्या शाळेचा दाखला, लग्नाचं प्रमाणपत्र, इथे झालेल्या मुलाचा जन्मदाखला, कोर्टाचा कागद, नगरसेवक-सरपंच किंवा महसूल अधिकाऱ्याचा दाखला. पण कागदावरची तारीख 31 डिसेंबर 2014 किंवा त्याआधीची पाहिजे. लोक 2019 चं वीजबिल लावतात. अहो, त्याने तुम्ही 2019 ला इथे होता एवढंच सिद्ध होतं! आणि नव्याने प्रिंट केलेल्या आधारवर छपाईची तारीख नवी असते तेही लक्षात ठेवा. जुनं पासबुक, पहिलं पान, खातं उघडल्याची तारीख, हे सोनं आहे.

*कोणत्या समाजाचे:* स्थानिक पातळीवर नाव असलेल्या समाजसंस्थेचं पात्रता प्रमाणपत्र, म्हणजे पंचायत, मंदिर ट्रस्ट, गुरुद्वारा वगैरे. नियमांमध्ये त्याचा नमुना दिलेला आहे, तोच मजकूर लेटरहेडवर उतरवायचा. अध्यक्षसाहेब स्वतःच्या मनाने "हे कुटुंब अत्यंत सज्जन आहे" असं पानभर लिहून देतात, ते गोड आहे पण चालत नाही. तारीख, सही, शिक्का, आणि नाव, पुन्हा तेच, तक्त्यातलं.

याशिवाय: अर्जातली माहिती खरी आहे असं तुमचं प्रतिज्ञापत्र, तुमच्या चारित्र्याबद्दल एका भारतीय नागरिकाचं प्रतिज्ञापत्र, आणि राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातली एक भाषा येते असं घोषणापत्र. भाषेच्या रकान्यात लोक घाबरून हिंदी किंवा मराठी लिहितात. सिंधी 1967 पासून आठव्या परिशिष्टात आहे, बिनधास्त सिंधी लिहा.

टप्पा 6: फॉर्म

आता बसा फॉर्म भरायला. केंद्र सरकारचं नागरिकत्वाचं पोर्टल, सीएएचा वेगळा भाग, अॅप पण आहे. सुरुवातीला प्रश्न विचारून पोर्टल फॉर्म ठरवतं: भारतीय वंशाचे, भारतीयाचा नवरा किंवा बायको, अल्पवयीन मूल, नॅचरलायझेशन वगैरे. इथे घाईत चुकीचं टिक केलं तर अख्खा फॉर्मच चुकीचा उघडतो. प्रत्येक माणसाचा अर्ज स्वतंत्र, कुटुंबाचा एकत्र अर्ज नसतो.

पाकिस्तानचं नागरिकत्व सोडल्याचं प्रमाणपत्र लागतं का, हे रोज कुणीतरी विचारतं. सीएएच्या अर्जात ते आणायला लागत नाही, अर्ज मंजूर झाला तर तिकडचं नागरिकत्व कायमचं सुटेल आणि पुन्हा त्यावर दावा करणार नाही, असं घोषणापत्र तिथेच द्यायचं. जुन्या रस्त्याने जाणाऱ्यांना मात्र तो व्याप असतो.

तुमच्यावर मुदतीपेक्षा जास्त राहिल्याची केस चालू असेल तरी त्या कारणाने अर्ज अपात्र होत नाही, आणि नागरिकत्व मिळाल्यावर ती कारवाई संपते. म्हणून केस लपवू नका, नंबर टाका.

✔ सबमिट दाबायच्या आधी: दुसऱ्या माणसाने, ज्याने फॉर्म भरला नाही अशा, तक्ता हातात धरून मोठ्याने वाचावं. पोचपावतीची प्रिंट काढा, पीडीएफ दोन मोबाइलवर.

टप्पा 7: बोलावणं आणि शपथ

लोक कलेक्टर ऑफिसला चकरा मारत बसतात. सीएएच्या अर्जात जिल्हास्तरीय समितीचे प्रमुख पोस्टाचे अधीक्षक असतात, होय, पोस्टाचे. ते मूळ कागद तपासतात, अर्जावर तुमची सही घेतात आणि निष्ठेची शपथ देतात. मग फाइल राज्याच्या अधिकारप्राप्त समितीकडे जाते, तिथे जनगणना संचालक प्रमुख.

⚠ बोलावल्यावर गेलाच नाहीत, पुरेशी संधी देऊनही, तर समिती तुमची फाइल नामंजुरीच्या विचारासाठी वर पाठवू शकते. लग्नाला जयपूरला गेलो होतो हे कारण होत नाही. मेसेज-मेल रोज बघा. म्हाताऱ्यांना नेता येत नसेल तर आधीच लेखी कळवून ठेवा.

शपथ आधी घरी एकदा मोठ्याने वाचून घ्या, छोटी आहे, पण अम्मा ऐनवेळी रडायला लागतात आणि मग शब्द फुटत नाही. मूळ कागद सगळे न्या, झेरॉक्सवर भागत नाही.

टप्पा 8: प्रमाणपत्र आल्यावर

प्रमाणपत्र डिजिटल येतं. उघडलं की पहिल्यांदा नाव आणि जन्मतारीख बघा, पेढे नंतर. चूक असेल तर तेव्हाच कळवा. कायद्याने तुम्ही भारतात आलात त्या तारखेपासून नागरिक मानले जाता.

मग क्रम असा ठेवा: नोंदणी कार्यालयाला कळवून एलटीव्हीची फाइल बंद करून घेणे, आधारमधली परदेशी नागरिकाची नोंद बदलणे, बँकेतलं एनआरओ खातं साधं करून घेणे, पॅन, मग मतदार यादी, आणि पासपोर्ट सगळ्यात शेवटी. आई-वडील दोघांचं झालं की अल्पवयीन मुलांचा अर्ज लगेच टाका, पोरगं अठराचं व्हायची वाट बघू नका, वय ओलांडलं की त्याचा फॉर्म आणि हिशोब दोन्ही बदलतात. आणि तो नावांचा तक्ता असतो ना, तो फेकू नका, पासपोर्टच्या वेळी पोलीस व्हेरिफिकेशनला परत तोच काढावा लागतो.